तुम्ही विचारलंत म्हणून: अल्विनच का?

घरी येणारा प्रत्येक माणूस हॉलमधली ती १६ नंबरची जर्सी बघतो आणि विचारतो, हा कोण? मी सांगतो, अल्विन पात्रिमोनियो. मग पुढचा प्रश्न ठरलेला. अहो पण जॉर्डन का नाही, कोबी का नाही, तुम्ही चिपळूणचे, सगळी नोकरी जहाजावर गेली, हा फिलिपिन्सचा बास्केटबॉल खेळाडू कुठून काढलात? पंचवीसेक वर्षं मी एकच उत्तर देत आलोय, की फिलिपिनो क्रूबरोबर राहिलो, त्यांच्यामुळे आवड लागली. ते खोटं नाही पण पुरतं खरंही नाही. परवा पुतण्याने सगळ्यांसमोर विचारलं, काका, ज्याची एकही मॅच तुम्ही स्टेडियममधे बसून बघितली नाही त्याचे फॅन कसे काय झालात? मला एवढा राग आला की मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तो बिचारा सहज विचारत होता. म्हणून आता एकदा काय ते लिहूनच टाकतो.

नाही बघितली, बरोबर आहे. मनिलातल्या आरानेता कोलिसियम स्टेडियमच्या बाहेरून दोनदा गेलोय, दोन्ही वेळा फ्लाइट गाठायची होती. मी अल्विन बघितला तो मेसरूममधल्या टीव्हीवर, व्हिडिओ कॅसेटवर. मनिलाहून जॉइन होणारा प्रत्येक जण घरून पीबीएच्या, म्हणजे त्यांच्या बास्केटबॉल लीगच्या, मॅचेस रेकॉर्ड करून आणायचा आणि एकेक कॅसेट नऊ महिने चालायची, शेवटी शेवटी चित्रावर पांढऱ्या रेघा यायच्या तरी चालायची. तुमच्यापैकी किती जणांनी गावसकरला मैदानात बघितलंय? रेडिओवर ऐकूनच भांडत होतात ना? मग मला का विचारता.

असो. खेळाबद्दल बोलतो, कारण ते कोणी विचारतच नाही.

उंची सहा फूट तीन इंच. एनबीएमधे ही गार्डची उंची, आणि हा खेळायचा पॉवर फॉरवर्ड, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ, जिथे धक्काबुक्की चालते तिथे. ज्या कॉन्फरन्सला, म्हणजे सीझनमधल्या स्पर्धेला, अमेरिकन इम्पोर्ट, म्हणजे बाहेरून आणलेला खेळाडू, खेळवायची परवानगी असते तेव्हा समोर त्याच्याहून उंच, त्याच्याहून जड माणसं. उडी काही विशेष नव्हती. उडी त्याच लीगमधल्या सॅम्बॉय लिमची, त्याला स्कायवॉकर उगाच म्हणत नसत. अल्विनकडे होते ते पाय. पाठ बास्केटकडे करून बॉल घ्यायचा, एक ड्रिबल, खांद्याने माणसाला हलकेच मागे रेटायचा, वळायचं, बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायचा, अगदी शूट करणारच असा. समोरचा उडतो. सगळ्यांना माहीत असतं की तो फसवतोय, त्या उडणाऱ्यालाही माहीत असतं, तरी उडतो. आणि तो हवेत असताना हा त्याच्या हाताखालून एक पाऊल पुढे टाकून पलीकडून बॉल ठेवून देतो. अप अँड अंडर म्हणतात. आणि समोरचा नाहीच उडाला तर बेसलाइनवरून मागे झुकत जंप शॉट. दोनच गोष्टी, पण दोन्हींना एकाच वेळी उत्तर कोणाकडे नव्हतं.

१९८८ ला प्युअरफूड्सच्या टीममधे आला आणि २००४ ला तिथूनच रिटायर झाला, दुसरी टीम नाही. १९९१ मधे पेप्सीच्या टीमने त्याला पाच वर्षांसाठी अडीच कोटी पेसोच्या घरातली ऑफर दिली होती, त्या काळात हा आकडा ऐकून लोक वेडे झाले होते, प्युअरफूड्सने तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घेतला. चार वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, १९९१, ९३, ९४ आणि ९७. एकूण १५,०९१ पॉइंट्स. पण मला विचाराल तर त्याचे हरलेले फायनल्स बघा. ऑल-फिलिपिनो, म्हणजे जिच्यात इम्पोर्ट नसतात आणि लोक जिला खरी मानतात ती स्पर्धा, तिच्या फायनलला तो १९८८ पासून सात वर्षं लागोपाठ पोचला. ८८ ला आन्येहोने हरवलं, ८९ ला सान मिगेलने, ९० ला प्रेस्टोने सातव्या मॅचला, ९१ ला जिंकले, ९२ ला परत सान मिगेलकडून सातव्या मॅचला हरले, ९३ ला त्याच सान मिगेलला हरवलं, ९४ ला परत त्यांच्याकडूनच हरले. म्हणजे सातातले पाच गेले. तरी सातही वर्षं हा परत तिथेच उभा.

आणि ते ५९६. लागोपाठ ५९६ मॅचेस. ताप, बोटं, घोटे, काहीही असो, अल्विन खेळणार. आमच्या जहाजावर हा आकडा सगळ्यांना पाठ नव्हता, पण 'अल्विन कधी बसत नाही' हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मला तर फारच. आता मूळ गोष्टीकडे येतो, जी मी कधीच कोणाला सांगितलेली नाही.

१९९८. बल्क कॅरियर, क्रेनवालं जहाज, मी फोर्थ इंजिनियर. ऑफिसर निम्मे आपले, खाली सगळे फिलिपिनो. त्याच वर्षी हिनेब्रा टीमचा हिरो जावोर्स्की सिनेटर झाला होता त्यामुळे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, जो कट्टर हिनेब्रावाला, तो हवेत होता. कुक सॅम्बॉयचा भक्त, त्याच्या गॅलीत मसाल्याच्या डब्यांवर सॅम्बॉयचा फोटो. आणि आमच्या इंजिन रूममधला मोटरमन, इलोइलोचा, शेहेचाळीस वर्षांचा, सगळे त्याला कुया म्हणायचे म्हणजे दादा, मीही कुयाच म्हणायचो आणि तो मला सर, तो अल्विनवाला. ह्या माणसाने मला बास्केटबॉल शिकवला. फिटरने राउंड बार वाकवून रिंग केली होती, प्लायवूडचा बोर्ड, आणि बॅलास्टमधे, म्हणजे रिकाम्या जहाजाने, जाताना होल्ड, म्हणजे माल भरायचं कोठार, धुवून सुकवला की आत उतरून मॅच. डेक विरुद्ध इंजिन. स्टीलची जमीन, बॉलचा आवाज असा घुमायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही.

कुया माझे खांदे मागून धरून वळवायचा. 'सर, घाई नाही. तो उडेल. तुम्ही थांबा, तो उडेलच.' रोज संध्याकाळी अर्धा तास, नुसतं थांबायला शिकवलं त्याने. मला अप अँड अंडर कधी नीट आला नाही पण तो पाय कुठे टाकायचा हे अजून अंगात आहे, आजही बँकेत रांगेत उभा असलो की डावा पाय आपोआप तसा पडतो.

त्या ट्रिपला कुयाचा उजवा गुडघा सुजलेला होता. इंजिन रूमच्या शिडीवर पाय घसरून दोन आठवडे झाले होते. त्याने रिपोर्ट केलं नव्हतं. का नाही केलं हे जहाजावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, ह्या लोकांची नोकरी कॉन्ट्रॅक्टची असते, नऊ महिने झाले की घरी, पुढच्या कॉन्ट्रॅक्टआधी परत मेडिकल, आणि एकदा कागदावर गुडघा आला की संपलं. रात्री केबिनचं दार लावून तो एफिकॅसंट ऑइल चोळायचा, तो हिरवट उग्र वास अख्ख्या गल्लीत यायचा. मला वास येत होता. मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय की मला माहीत होतं.

जपानहून ऑस्ट्रेलियाला न्यूकॅसलला चाललो होतो. रविवार होता. इंजिनची टीम चार बास्केटने मागे, आमचा एक माणूस वॉचवर गेला, आणि कुया बाजूला लाकडाच्या ढिगावर बसून बघत होता, गुडघ्यावर हात ठेवून. बोसन काहीतरी टाकून बोलला, सगळे हसले, आणि मला हरायचं नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. मी ओरडून म्हणालो, "कुया, अल्विन बसला असता का?"

तो हसला नाही. माझ्याकडे बघितलं, मग खिशातून इलॅस्टिक बँडेज काढलं, पॅंट वर करून गुंडाळलं, दोनदा, तीनदा, सावकाश, टोक आत खोचलं आणि उठला.

दहा मिनिटं छान खेळला. खरंच छान. मग डाव्या बाजूला बॉल मिळाला, पाठ बास्केटकडे, एक ड्रिबल, वळला, बॉल डोक्यावर, आणि बोसन उडाला. हिनेब्रावाला बोसन, ज्याला ती चाल वीस वर्षं माहीत होती, तो उडाला. कुयाने हाताखालून उजवा पाय पुढे टाकला आणि त्या पायावर सगळं वजन आलं आणि पाय आत वळला. तो पडताना ओरडला नाही. पडल्यावर ओरडला.

होल्डमधून माणूस वर काढणं म्हणजे काय ते सांगतो. शिडीने शक्यच नव्हतं. स्ट्रेचरवर बांधला, क्रेन लावली, आणि खाली आम्ही सगळे माना वर करून उभे. हॅचमधून चौकोनी आकाश दिसत होतं आणि त्या चौकोनात तो स्ट्रेचर हळूहळू फिरत वर चालला होता. एकाच बाजूला फिरत होता. बोसन शेजारी रडत होता. मी रडलो नाही, मी मनात वाक्य जुळवत होतो, की कॅप्टनने विचारलं तर काय सांगायचं.

कॅप्टनने विचारलं. मी सांगितलं, खेळताना पाय घसरला. रिपोर्टमधे तेच गेलं. आधीच्या सुजेबद्दल बोलू नका असं कुयाने स्वतः मला हाताला धरून सांगितलं होतं, आणि ते मी पाळलं, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी जे ओरडलो होतो तेही मी गाळलं आणि ते गाळ असं मला कोणी सांगितलं नव्हतं. न्यूकॅसलला त्याला उतरवलं. तिथून तो घरी गेला आणि पुन्हा कधी जहाजावर चढला नाही.

आता मला सांगा, जॉर्डन का नाही ह्याचं मी काय उत्तर देऊ?

मला वाटायचं, आणि मोठं होईपर्यंत वाटत राहिलं, की न बसणं हाच सगळ्यात मोठा गुण. ज्युनियर लोकांना मी ५९६ चा किस्सा सांगायचो, छाती पुढे काढून, आजारी पडलास का, बघ तो माणूस. कुकशी माझं ह्याच्यावरूनच भांडण व्हायचं, मी म्हणायचो तुझा सॅम्बॉय सारखा दुखापत घेऊन बाहेर बसलेला असतो. तो म्हणायचा, सर, जो उंच उडतो तोच उंचावरून पडतो. मी हसायचो. २०१४ मधे सॅम्बॉय जुन्या खेळाडूंच्या मॅचमधे कोसळला, कोमात गेला आणि डिसेंबर २०२३ मधे गेला. ती बातमी वाचली तेव्हा मी जे काय बोललो होतो ते सगळं आठवलं. सॅम्बॉयमधे काही कमी नव्हतं. त्याचं शरीर वेगळं, खेळ वेगळा.

पण मग अल्विनचे ते ५९६ नुसतं नशीब म्हणू का? तेही मला जमत नाही. त्यात काहीतरी होतं. त्या पायांत, त्या थांबण्यात, ज्या माणसाने घाई केली नाही तो कमी वेळा पडला, असं काहीतरी. कुयाने मला थांबायला शिकवलं आणि मी त्याला उठवलं. कधी वाटतं रेकॉर्ड चांगला, माझी जीभ वाईट. कधी वाटतं असे रेकॉर्ड साजरे करणंच बरं नाही, कुठल्या तरी होल्डमधे कोणीतरी ते अंगावर घेतो. ह्या दोन्हीमधे मी अजून हेलपाटतोय.

२०१९ ला हिनेब्राच्या टेनोरियोने तो रेकॉर्ड मोडला. आणि २०२३ ला त्या टेनोरियोलाच कॅन्सर निघाला, त्याला थांबावं लागलं, उपचार घेऊन तो परत खेळलाही. त्या दिवसांत मी कुयाला मेसेज केला. फेसबुकवर तो मला बऱ्याच वर्षांपूर्वी सापडला होता, घराखाली छोटं दुकान आहे, नातवंडं आहेत, चालताना काठी लागते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सरळ लिहिलं, की त्या दिवशी तू माझ्यामुळे उठलास. दोन दिवसांनी उत्तर आलं. म्हणाला, सर, मी तसाही उठणारच होतो, बॉल माझ्याकडे यायची वाट बघत होतो.

मला ते पटत नाही. तो तसाच माणूस आहे, समोरच्याला अपराधी वाटू नये म्हणून काहीही म्हणेल. आणि खालीच त्याने लिहिलं होतं, पण सर, तो शॉट गेला ना आत? बोसन अजून मान्य करत नाही.

मी रिंगच्या खालीच होतो. बॉल रिंगला लागून बाहेर पडला आणि लाकडाच्या ढिगामागे गेला, दुसऱ्या दिवशी मीच तो काढला. कुयाला अजून उत्तर दिलेलं नाही.