खडकीची पुंगळी

माझी चाळीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशिनवर, गेली. पितळेची कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिच्यावरचे हत्याराचे वण बघतो. मे महिन्यात सासुरवाडीला, साताऱ्याकडे, माळ्यावरच्या ट्रंकेत हिच्या आजोबांचा लायटर सापडला. आजोबा ११४ मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात.

लायटर म्हणजे .३०३ रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी, जेमतेम ५६ मिलिमीटर. आत कापूस आणि वात. बाजूला बारीक नळी डाखलेली, तिच्यात स्प्रिंग आणि ठिणगीचा दगड, वर दातेरी चाक. झाकण म्हणजे गोळीच, शिसं काढून पोकळ केलेली. बुडावर 'के', 'एफ' आणि मध्ये बाण, म्हणजे माल आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. बुडाच्या मधोमध, दारू पेटवणाऱ्या टोपीवर, बंदुकीच्या सुईचा खड्डा स्पष्ट दिसतो. म्हणजे हे काडतूस झाडलेलं आहे. मी बराच वेळ तो खड्डाच बघत बसलो.

अशा वस्तूंना 'ट्रेंच आर्ट', म्हणजे खंदकातली कला, म्हणतात. पण त्यातल्या कितीतरी खंदकात नव्हे, आघाडीच्या मागच्या वर्कशॉपमध्ये बनल्या, आणि युद्ध संपल्यावरही आठवण म्हणून विकायला बनत राहिल्या. म्हणून मी भिंग घेतलं. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या कानांवर रेघा आहेत. लेथवरचं काम असतं तर त्या गोल आल्या असत्या. या तिरप्या आहेत, कानशीच्या, आणि प्रत्येक कानावर वेगळ्या कलाच्या. डाखसुद्धा एका बाजूला जास्त ओघळलाय. हे हातानं केलेलं काम आहे, शांतपणे, वेळ काढून.

वाईट एवढंच वाटतं की मी पोहोचण्याआधी घरात कुणीतरी तो चिंचेनं घासला होता. आंबटानं पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांब्याची लाली वर येते. एक बाजू तशीच गुलाबी झाली आहे. जुन्या पितळेला कृपा करून चिंच-लिंबू लावू नका, सुक्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरे.

ठाण्याला आणल्यावर दगड बदलायला घेतला. जुना दगड नळीत फुगून भुगा होऊन बसला होता. मशिनवर धरायची हिंमत झाली नाही. अडीच मिलिमीटरचं ड्रिल बोटांत धरून अर्धा तास हळूहळू फिरवलं, तेव्हा नळी मोकळी झाली. नवा दगड घातला. पेट्रोल भरलं नाही, नुसतं चाक फिरवलं. तिसऱ्या वेळी ठिणगी पडली.

ही शेजारीच उभी होती. म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा फिरवा ना."