ग्रीनवुड, ब्वाव्हेर आणि मधला ‘ऊर्फ’

माझ्या सासऱ्यांचे आडनाव ग्रीनवुड असल्यामुळे मॅसॅच्युसेट्समधले हे घराणे मूळचे इंग्रज असावे, असेच मी लग्नानंतर बरीच वर्षे धरून चालले होते. मग एके दिवशी त्यांच्या आजोबांचे फ्रेंच प्रार्थनापुस्तक माझ्या हाती आले. त्याच्या पहिल्या पानावर फिकट शाईत ‘ब्वाव्हेर’ असे नाव लिहिलेले होते. ‘ब्वा’ म्हणजे रान आणि ‘व्हेर’ म्हणजे हिरवे. लोवेलच्या कापडगिरण्यांत कामासाठी कॅनडातल्या क्वेबेकहून आलेल्या या कुटुंबाने आडनावाचे सरळ भाषांतर करून टाकले होते. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन अमेरिकेत आले. त्यांच्यातल्या कित्येक रुआंचे किंग आणि लब्लांचे व्हाइट असेच झाले.

गिरणीच्या आणि जनगणनेच्या कागदांत ग्रीनवुड असले, तरी फ्रेंच चर्चच्या लग्ननोंदीत जुने आडनाव शाबूत होते. तिथून पुढे क्वेबेकच्या नोंदवह्यांनी मला हात दिला. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी तिथे दोन प्रतींत ठेवल्या जात, एक चर्चमध्ये आणि दुसरी सरकारदरबारी, त्यामुळे एक प्रत नष्ट झाली तरी बहुधा दुसरी उरते. विवाहाच्या नोंदीत वर आणि वधू या दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आणि आईचे नाव माहेरच्या आडनावासह असते. एक लग्न सापडले की त्यावरून आधीच्या पिढीचे लग्न शोधायचे, असे मी मागे मागे जात राहिले. विधवेचे किंवा विधुराचे लग्न असेल तर मात्र आईवडिलांऐवजी दिवंगत जोडीदाराचे नाव असते आणि तेवढा पहिला विवाह आधी हुडकावा लागतो.

अठराव्या शतकाच्या मध्याशी येऊन मी अडकले. त्या पिढीतल्या पूर्वजांचा विवाह ब्वाव्हेर नावाने होता, पण त्या नावाचा बाप्तिस्मा काही मिळेना. दोन महिने मी शेजारच्या गावांच्या वह्या चाळल्या. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्ननोंदीत पाद्र्याने पूर्ण नाव लिहिलेले सापडले, ‘दनव्हेर दी ब्वाव्हेर’. हा ‘दी’ म्हणजे आपला ‘ऊर्फ’. १६६५ मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या सैनिकांना लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, अशी टोपणनावे असत आणि पुढे त्यांचीच आडनावे होत. इतर घराण्यांतही शाखा ओळखायला असे दुसरे नाव लागे. एकाच आईची मुले निरनिराळ्या आडनावांनी नोंदलेली दिसतात, म्हणून शोधताना दोन्ही नावे धरूनच चालावे. माझ्या माहेरी मूळ आडनाव मागे पडून वतनावरून कुलकर्णी झालेले असल्याने मला हे लवकर सुचायला हवे होते.

त्यानंतर दनव्हेर नावाने वाट मोकळी झाली. आईकडच्या एका फांदीने मला ‘राजाच्या मुलीं’पैकी एकीपर्यंत नेले. १६६३ ते १६७३ दरम्यान फ्रान्सच्या राजाने खर्च करून नव्या वसाहतीत लग्नासाठी पाठवलेल्या या सुमारे ८०० तरुणी होत्या. तिच्या विवाहनोंदीत तिच्या आईचे माहेरचे आडनाव आहे आणि खाली, तिला सही करता येत नसल्याचा उल्लेख आहे. अक्षर न येणाऱ्या त्या मुलीचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले, हे वाचून मी बराच वेळ त्या पानापुढून हलले नाही. क्वेबेकमध्ये तर १९८१ पासून विवाहित स्त्रीने जन्मनावच वापरावे, असा कायदाच आहे.

माझ्या वडिलांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीतून उतरवून आणलेली वंशावळ माझ्याकडे आहे. तिच्यात अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत, पण एकाही स्त्रीचे माहेर नाही. त्याच रात्री मी सांगलीला आईला फोन करून पणजीचे माहेरचे आडनाव विचारले. तिला मिरजेजवळचे गाव आठवले, आडनाव आठवले नाही. “थोरल्या आत्यांना विचारून बघते, त्यांना ठाऊक असेल,” असे ती म्हणाली.