आमची वाटचाल : टकटक करणाऱ्या डिस्कपासून मुक्या एसएसडीपर्यंत

2009 साली नारायण पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही दोघा भावांनी संगणक दुरुस्तीचे दुकान सुरू केले, तेव्हा निम्मे काम हार्ड डिस्क बदलण्याचे असे. मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगणारे, डेटा वाचणारे-लिहिणारे हेड, हे यंत्र मुळातच नाजूक; परंतु ते बहुधा सांगून जाते. टकटक आवाज येऊ लागतो, फाइल उघडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात डेटा काढून घेण्याची सवड मिळते. 2011 मध्ये थायलंडच्या पुरात तिथले कारखाने बुडाले आणि डिस्कचे भाव भडकले, तेव्हा जुन्या डिस्कचा शेवटचा महिना ओळखण्याचा आमचा कान चांगलाच तयार झाला.

2015 च्या सुमारास आम्ही एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी ड्राइव्ह, बसवू लागलो आणि हा कान निरुपयोगी ठरला. हिच्यात फिरणारे काही नाही. झीज होते ती लिहिण्याने. चिपमधील डेटा धरणाऱ्या सूक्ष्म पेशींपैकी टीएलसी प्रकारच्या (प्रत्येकी तीन बिट साठवणाऱ्या) पेशी साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसून लिहिता येतात, आणि कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचे कामकाज सांभाळणारी चिप, ते लेखन सर्व पेशींत वाटून देतो. 500 जीबीच्या अनेक चांगल्या ड्राइव्हांवर 300 टीबी लेखनाची हमी असते. रोज 20 जीबी लिहिणाऱ्या कर सल्लागाराच्या कार्यालयात ही मर्यादा गाठायला चाळीस वर्षे लागतील. लग्नसराईत रोज 200 जीबी चित्रण उतरवणाऱ्या स्टुडिओत मात्र जेमतेम चार. म्हणून ‘ही किती वर्षे टिकेल?’ असे कोणी विचारले की आम्ही ‘तुम्ही रोज लिहिता किती?’ असे उलट विचारतो. अर्थात हा हिशेब केवळ झिजेचा आहे. तपासणीत 97 टक्के प्रकृती दाखवणारी एसएसडी दुसऱ्या दिवशी कंट्रोलर गेल्याने अजिबात ओळखूच आली नाही, असेही आम्ही पाहिले आहे, आणि अशा वेळी डेटा परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा बहुधा कठीण जाते.

आमची सर्वांत महागडी चूक मात्र वेगळीच होती. एका छायाचित्रकाराला आम्हीच सुचवले की, संकलनाच्या यंत्रातून काढलेली, भरपूर वापरलेली एसएसडी जुन्या कामांच्या साठवणीसाठी कपाटात ठेवावी. दीड वर्षाने ती जोडली, तर कित्येक फाइल वाचता येईनात. पेशींतील विद्युतभार वीज नसताना हळूहळू ओसरतो. हमीइतके लेखन झालेल्या घरगुती वापराच्या ड्राइव्हने 30 अंश तापमानात वर्षभर डेटा धरावा, एवढीच जेडेक या चिप-उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे, आणि पुण्यातला एप्रिल-मे तर त्याहून बराच तापतो. तीन लग्नांची छायाचित्रे गेली. आम्ही पैसे परत केले. छायाचित्रे कुठून परत करणार?

तेव्हापासून रोजच्या कामाला एसएसडी आणि साठवणीला दोन हार्ड डिस्क, असे आम्ही लेखी देतो. प्रत्येक ड्राइव्हवर बसवल्याची तारीख चिकटवतो आणि पाच वर्षे झालेली हार्ड डिस्क बदलायला सांगतो. आमच्या स्वतःच्या हिशेबाच्या संगणकात 2012 ची हार्ड डिस्क अजूनही चालते, ही गोष्ट मात्र आम्ही ग्राहकांना सहसा सांगत नाही.