तुम्ही विचारलंत म्हणून: पुरलेल्या कॅडिलॅकमध्ये बघायचं काय?

टेक्सासची सहल आखणारे हमखास विचारतात, "अमरिलोजवळ शेतात गाड्या पुरल्यात म्हणे. त्या भंगारासाठी थांबायचं का?" थांबा. कुरण आय-४० हायवेच्या कडेलाच आहे.

'अँट फार्म' या कलाकारांच्या गटाने १९७४ साली अमरिलोचे धनिक स्टॅन्ली मार्श यांच्या जमिनीत दहा कॅडिलॅक, म्हणजे अमेरिकेतल्या ऐटबाज, महागड्या मोटारी, नाकावर पुरल्या. (शहर अंगावर आलं म्हणून १९९७ साली सगळी रांग दोन मैल पश्चिमेला हलवली.) मॉडेलं १९४९ ते १९६३ची. इंजिन मातीत, शेपूट वर, कारण गाडी विकत होती ती शेपटाने. १९४८ साली आलेल्या, पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेल्या शेपटावरच्या पंखांनी वेग तसूभरही वाढत नव्हता. पण ते अधूनमधून बदलले की शेजाऱ्याची जुनी गाडी आणखी जुनी दिसायची आणि शोरूमकडे पावलं वळायची. १९५९ला पंख सगळ्यात उंच झाले, त्यांत बुलेटसारखे जोडदिवे आले. १९६३पर्यंत ते बसत गेले. रांगेतून क्रमाने चालत जा, हा चढउतार दिसतो.

दिसायला हवा, एवढंच म्हणतो. २००२ साली एका हॉटेल-साखळीने सगळ्या गाड्यांना मूळ रंग दिले, जुनं रूप परत आणलं, कामाची पाटीही लावली. चोवीस तासांच्या आत गाड्यांवर आणि पाटीवरही स्प्रे फिरला होता. कुणी लपूनछपून नाही. तिथे रंगवायची मुभाच आहे. तेव्हापासून थरांवर थर. खालचा नीट वाळायच्या आत वरचा बसतो, म्हणून रंगाची साल जाड होत जाते आणि सुटलेल्या कडेला खारी बिस्किटासारखे पापुद्रे दिसतात. पत्र्याच्या धारा त्यात बुजल्या. पंखाची रेघ बघायची तर सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, बाजूने बघा.

स्वतः रंगवणार असाल तर वारा पाठीशी घ्या आणि डबा पत्र्यापासून वीतभर लांब धरा, नाहीतर ओघळ येतात. ताज्या रंगाला टेकू नका, कपडे जातील. पावसानंतर गाड्यांच्या बुडाशी डबकी साचतात, बूट हवेत. रिकामे डबे परत न्या. तिथे आधीच ढीग असतो.

हे रंगाचे सगळे थर खरवडून काढावेत, असं मी हिरिरीने मांडत आलो. मग वाटतं, नवा मुलामा चढवूनच तर त्या गाड्या विकल्या गेल्या. येणारे जाणारे वेगळं काय करतात? पण १९५९चे दिवे डोळ्यांसमोर आले की पुन्हा पहिलंच म्हणावंसं वाटतं.