गालिचा आधी उलटा करून बघा

दाभोळच्या आमच्या घरात ओटीवर एक लाल गालिचा असायचा, साधारण पाच बाय सात फूट, आणि आजी त्याला कायम "कोंबड्यांची सतरंजी" म्हणायची. आजोबा बोटीवर होते. १९५०च्या दशकात मुंबईहून आखातात ज्या बोटी जायच्या, मस्कत, बंदर अब्बास, बुशहर, बसरा अशी फेरी, त्यातल्या एका फेरीत बुशहरला घेतलेला हा गालिचा. पाहुणे आले की अंथरायचा, गणपतीत आरतीला त्यावर बसायचं, आणि पाऊस लागला की गुंडाळून माळ्यावर.

मग आजोबा गेले, आजी गेली, आणि तो माळ्यावरच राहिला. खाली काढला तो चार वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून मला या विषयाचं जे वेड लागलंय ते अजून उतरलेलं नाही, म्हणून आज सगळं एकदा लिहून काढते.

पहिली चूक आमच्याच घरात झाली. टोकाला लोंबणाऱ्या झालरीचे धागे तपकिरी-पांढरे, वेडेवाकडे, मळल्यासारखे दिसत होते, तर घरातल्या एकीने कात्री घेऊन ते सरळ रेषेत कापून टाकले, छान दिसावं म्हणून. महिन्याभरात त्या कडेच्या गाठी सुटायला लागल्या. तेव्हा कळलं की हाताने विणलेल्या गालिच्याची झालर वरून शिवलेली नसतेच, ती म्हणजे मागावरचा ताणाच, म्हणजे ज्यावर विणतात ते उभे ताणलेले धागे, गालिच्याच्या आरपार गेलेले. झालर कापली म्हणजे गालिच्याच्या टोकालाच कात्री लावली. आणि ते धागे मळलेले पण नव्हते, तपकिरी आणि पांढरी लोकर एकत्र पिळलेली होती. शहरातल्या कारखान्यात ताणा बहुतेक सुताचा असतो, भारी कामात रेशमाचा. भटक्या टोळ्या मात्र ताण्यालाही लोकरच वापरतात कारण मेंढ्या त्यांच्या दाराशी, सूत विकत आणायला लागतं. म्हणजे ज्या धाग्यांवरून हा गालिचा कुठला ते कळलं असतं, तेच आम्ही कापून टाकले.

सुटणारी कड कशी थांबवायची म्हणून गालिचा अंगणात उलटा टाकला होता, तेव्हा शेजारचे चाचा आले. त्यांचा जन्म जाळी विणण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला. खाली बसले, मागच्या बाजूवरून बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "हे एका हाताचं काम नाय गो, दोघीजणी बसल्यात." मी बघितलं तर खरंच, डावीकडच्या गाठी घट्ट आणि बारीक, उजवीकडच्या जरा सैल, म्हणून गालिचा एका बाजूला किंचित ओढल्यासारखा. माझ्या एवढ्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. कड पण त्यांनीच जाड लोकरीने टाचून दिली, आजतागायत एक गाठ सुटलेली नाही.

तेव्हापासून मी कुठलाही गालिचा आधी उलटा करते. मागून गाठी दिसतात, ताण्याला लोकर वेढून बांधलेल्या, आणि त्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एकीत लोकरीचा धागा ताण्याच्या दोन्ही शेजारी धाग्यांना वेढा घालतो आणि त्याची दोन्ही टोकं मधून वर येतात, ती तुर्की गाठ. दुसरीत एकाच धाग्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसतं मागून जायचं, ती पर्शियन, हिने बारीक वळणदार नक्षी जास्त सहज निघते. पण नावावर जाऊ नका, तब्रीझ इराणातलंच शहर तरी तिथे तुर्की गाठ, आणि विणकर हातातल्या आकडीच्या सुरीने ती इतकी भराभर मारतात की तिथली बारीक कामं बघून विश्वास बसत नाही. तिथे बारीकपणा 'राज'मध्ये मोजतात, साधारण सात सेंटिमीटर रुंदीत किती गाठी ते. ५० राज म्हणजे चांगलंच बारीक.

इराणातल्या गालिच्यांत काशान, इस्फहान, नाईन, कोम ही सगळी शहरी मंडळी. उभा माग, समोर चौकटीच्या कागदावर आखलेली नक्षी, मधे पदक, म्हणजे एक मोठी ठसठशीत आकृती, भोवती वेली. नाईन पांढऱ्या-निळ्यात, कोम बऱ्याचदा पूर्ण रेशमी. सुंदर आहेत, पण माझा जीव त्यात अडकत नाही. हेरिझचे आवडतात, जाड, कोनाकोनाचं मोठं पदक, विटकरी लाल. आणि बिजारचे तर फारच. कुर्द भागातलं हे गाव, तिथे बाणा, म्हणजे गाठींच्या ओळींमधला आडवा धागा, ओला करून जड लोखंडी हत्याराने ठोकतात, वाळला की सगळं असं आवळून बसतं की गालिचा पाटीसारखा कडक होतो, म्हणून त्याला लोखंडी गालिचा म्हणतात आणि त्याची घडी घालायची नाही, आतला ताणा तुटतो.

आता आमचा. मुंबईतल्या एका दुकानदाराने फोटो बघून "बोखारा आहे" म्हणून सांगितलं आणि फुटकळ भाव केला. बोखारा म्हणून जे विकतात ते मूळ तुर्कमेन टोळ्यांचं काम, टेके, योमुत वगैरे, बुखाराच्या बाजारात विकलं जायचं म्हणून ते नाव चिकटलं. त्यात 'गुल' नावाचं अष्टकोनी चिन्ह ओळीने येतं. आमच्यात गुल नाही, आमच्यात कोंबड्या आहेत! आणि त्या कोंबड्यांनीच पत्ता दिला. इराणच्या फार्स प्रांतात शिराझच्या आसपास काश्काई आणि खमसे हे टोळ्यांचे दोन मोठे गट, त्यातल्या खमसेंची ही नक्षी बाजारात 'मुर्गी' म्हणूनच ओळखली जाते. शिराझचा माल उतरून बुशहरच्या बंदरात यायचा. आजीने बरोबर नाव ठेवलं होतं!

या टोळ्या उन्हाळ्यात झाग्रोसच्या डोंगरात वर आणि हिवाळ्यात खाली गरम पट्ट्यात. माग जमिनीवर आडवा, खुंट्या ठोकून ताणलेला. मुक्काम हलला की अर्धा गालिचा गुंडाळायचा, पुढच्या जागी परत ताणायचा, ताण थोडा बदलतो आणि रुंदी कमीजास्त होते. पुरुष मेंढ्या कातरतात आणि माग उभारतात, सूतकताई आणि विणकाम बायकांचं, आणि समोर कागद नसतो, सगळं डोक्यातून. फार्सचं हे विणकाम युनेस्कोने २०१०मध्ये वारशाच्या यादीत घेतलं.

शाळेची पट्टी मागे लावून मी गाठी मोजल्या, इंचात आडव्या ८, उभ्या ९. पूर्ण गालिच्यात ३ लाख ६० हजारांच्या वर! दिवसाला सहा-आठ हजार धरल्या तरी नुसत्या गाठींचे दीड-दोन महिने, त्यात पाणी, स्वयंपाक, पोरं, मेंढ्या वेगळ्याच. कोणी मला "किती नॉट्सचा आहे" असं विचारून नाक मुरडलं की वाईट वाटतं. चौरस इंचात बाहत्तर गाठी आहेत, आणि त्या अशा राहून, फिरून बांधल्यात.

अजून एक. कोंबड्यांच्या भोवतीच्या काळपट तपकिरी रेषा खोल गेल्यात, हाताला खाच लागते. मी कसर समजून घाबरले होते. पण कसर रंग बघून खात नाही आणि इथे फक्त तोच रंग झिजलेला. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड मिळून काळा रंग होतो ना, तसाच लोखंडाचा वापर तिथेही गडद रंगाला, आणि ते लोखंड हळूहळू लोकर खातं. लाल मात्र जसाच्या तसा, तो तिकडच्या मंजिष्ठाच्या मुळांचा, आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण.

खरी कसर कोपऱ्यात लागली होती, जिथे माळ्यावर अंधार आणि ओल. कोकणात लोकर सांभाळायची तर घडी नको, बंद प्लास्टिक तर अजिबातच नको. दसऱ्यानंतर कडक ऊन पडलं की दोन्ही बाजूंनी थोडा वेळ दाखवायचा आणि मागून हळू झटकायचा.

सध्या पाऊस आहे, म्हणून तो आतल्या खोलीत पंख्याखाली आहे आणि दर रविवारी मी उलटा करून बघते. परवा तिसऱ्या ओळीत एक कोंबडी सापडली, अर्धी निळी आणि मानेपासून पुढे हिरवी. निळी लोकर तिथे संपली असणार, शेवटच्या निळ्या गाठीला लागूनच पहिली हिरवी आहे.