मालिका कळायला थिअरी लागते का?

माध्यम अभ्यासात एमए करतेय आणि प्रबंधाचा विषय टीव्हीवरच्या विज्ञानकथा, असं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: अंतराळयानं आणि यंत्रमानव यांचा खऱ्या जगाशी संबंध काय? दुसरा प्रश्न वर्गातलेच विचारतात, आणि तो जास्त टोचतो: संबंध असलाच, तर तो दाखवायला थिअरी, म्हणजे अभ्यासकांच्या सैद्धांतिक मांडण्या, कशाला हव्यात? तुम्ही दोन्ही विचारलेत, म्हणून लिहिते.

पहिल्याचं उत्तर लवकर उरकतं. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा तिसरा सीझन ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाला, तेव्हा अमेरिकेचं सैन्य इराकमध्ये होतं. आणि या अमेरिकन मालिकेत यंत्रांनी माणसांची वस्ती ताब्यात घेतलेली, नि अंगाला स्फोटकं बांधून जाणारा माणूस 'आपल्या' बाजूचा. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मालिकेच्या निर्मात्यांना आणि कलाकारांना न्यूयॉर्कच्या मुख्यालयात बोलावून मानवी हक्क, दहशतवाद यांवर चर्चा ठेवली. सूत्रसंचालन अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांचं. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थिअरी. आमच्याकडे सुरुवात विज्ञानकथेचे समीक्षक डार्को सुविन यांच्यापासून होते. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की विज्ञानकथा आपलं ओळखीचं जग अनोळखी करून दाखवते, पण ते अनोळखीपण बुद्धीला पटेल असं असतं, जादूटोण्यासारखं नसतं. पटतं मला हे. पण मग मी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा फेब्रुवारी १९८९ मधला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग बघते आणि शंका येते की सुविन वाचून मला नक्की जास्तीचं काय दिसलं?

त्या भागात डेटा या यंत्रमानवावर खटला चालतो: तो व्यक्ती आहे की तो जिथे नोकरी करतो त्या अंतराळ ताफ्याची मालमत्ता? खटला चालतो तो तळ नवा, वकील नाहीत, म्हणून डेटाचा मित्र रायकर यालाच त्याच्याविरुद्ध उभं राहावं लागतं. नकार दिला तर डेटा आपोआप हरणार. रायकर रात्री संगणकासमोर बसून डेटाचे आराखडे चाळतो. एका ठिकाणी त्याला हवं ते सापडतं, चेहऱ्यावर हसू उमटतं, आणि दुसऱ्याच क्षणी ते मावळतं. कोर्टात तो डेटाच्या पाठीवरचं बटण दाबतो. डेटा टेबलावर कोसळतो. पुढे व्हूपी गोल्डबर्गच, गायनन या पात्राच्या रूपात, डेटाची बाजू मांडणाऱ्या कॅप्टन पिकार्डला शांतपणे विचारात पाडतात की असे हजारो डेटा बनवले, ज्यांच्या सुखदुःखाचा कुणी विचारच करायचा नाही, तर त्याला काय म्हणायचं? गुलामगिरी हा शब्द पिकार्ड उच्चारतो. काळ्या अभिनेत्रीसमोर बसून. यात समीक्षकाने वेगळं काय उलगडायचं? मालिकेने सगळं बोलून दाखवलंय.

माझी खरी तक्रार सेमिनारमधली आहे. याच प्रसंगावर एक निबंध म्हणतो, मालिका सत्तेला आव्हान देते. दुसरा म्हणतो, छे, हक्क मिळवायला डेटाला माणसासारखं ठरावं लागतं, म्हणजे मोजपट्टी माणसाचीच राहिली, सत्तेला धक्का कुठे? दोन्ही निबंध उत्तम, दोघांनाही चांगले गुण. पुराव्याला तोच कोसळलेला डेटा. अशा वेळी मला एकच विचारावंसं वाटतं: काय दिसलं असतं तर तुमची मांडणी चुकली असती? वर्गात हा प्रश्न जरा असभ्य समजतात. "तू विज्ञानाच्या कसोट्या लावतेयस," हे उत्तर मिळतं. बरं, पण कुठली तरी कसोटी हवीच ना.

सगळी थिअरी मोडीत काढा असं मात्र मी म्हणणार नाही. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये म्हटलं की प्रेक्षक कार्यक्रमाचा अर्थ बनवणाऱ्याला हवा तसाच घेतो असं नाही. कुणी मान्य करतो, कुणी थोडा वळवून घेतो, कुणी उलटवतो. हे तपासायला डेव्हिड मॉर्ली या संशोधकांनी बीबीसीचा 'नेशनवाइड' हा कार्यक्रम वेगवेगळ्या गटांना दाखवून त्यांना बोलतं केलं. १९८० मध्ये निष्कर्ष छापले: कोण कसा अर्थ लावेल हे नुसत्या सामाजिक वर्गावरून ठरत नाही. म्हणजे मांडणी माणसांसमोर नेली, थोडी अडली, थोडी टिकली. असली थिअरी मी कितीही वाचेन. डेटाच्या खटल्यावर इतकं छापून आलंय, पण तो खटला बघून कुठल्या प्रेक्षकाला काय वाटलं, हे विचारायला गेलेलं लेखन माझ्या वाचनयादीत फारच थोडं आहे.

म्हणून प्रबंधात मी प्रेक्षकांच्या मुलाखती आधी घेतेय. थिअरीचं प्रकरण शेवटी लिहू का, असं मार्गदर्शक मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही शेवटी, पण छापताना पहिलंच ठेव. परीक्षक तिथूनच उघडतात."