मरियानाओची लाकडी खोली

हवानाला लोक जुन्या मोटारी बघायला जातात. आम्ही दोघी बहिणी गेलो एक खोली बघायला. चौदा फूट बाय वीस फूट, लाकडी फळ्यांची, आणि तीही बाहेरूनच.

मी टोरोंटोजवळ राहते, एका प्रयोगशाळेत काम करते. ताई पुण्यात पस्तीस वर्षं नर्स होती. 2024च्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "बीच-बिच नको गं मला. ते डास चावून घेणारे लोक कुठे राहत होते तिथे ने." मीच कधीतरी फोनवर तिला ती गोष्ट सांगितली होती.

गोष्ट 1900 सालची. स्पेनशी युद्ध संपून क्युबात अमेरिकी लष्कर ठाण मांडून बसलं होतं आणि गोळ्यांपेक्षा तापाने जास्त माणसं मरत होती. पीतज्वर (यलो फीवर) पसरतो कसा हे शोधायला लष्कराने चार डॉक्टरांचं मंडळ नेमलं: वॉल्टर रीड, जेम्स कॅरल, जेसी लाझीअर आणि क्युबात जन्मलेला आरिस्तिदेस आग्रामोंते. बहुतेकांची समजूत होती की रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून ताप लागतो. डासाचं नाव हवानाच्याच कार्लोस फिनले यांनी 1881मध्ये घेतलं होतं. वीस वर्षं लोक त्यांना हसले. मंडळाला डासांची अंडी दिली ती त्यांनीच. मग हवानाच्या मरियानाओ भागात मंडळाने तयार झालेल्या माणसांवर दोन्ही समजुती तपासल्या; आमची खोली त्याच प्रयोगांची.

निघण्याआधी एक काम नक्की करा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयात फिलिप हेंच यांचा संग्रह आहे. हेंच हे संधिवाताचे डॉक्टर, कॉर्टिसोनसाठी 1950चं नोबेल मिळालेले. पण या प्रयोगांचं त्यांना वेडच होतं. पत्रं, फोटो, नकाशे त्यांनी आयुष्यभर जमवले, आणि त्यातलं बरंचसं आता घरबसल्या फुकट बघता येतं. शार्लट्सव्हिलला, म्हणजे त्या विद्यापीठाच्या गावी, जाऊन मूळ कागद हाताळायचे असतील तर आधी कळवून वेळ ठरवावी लागते. आम्ही मात्र फक्त एक कागद छापून पर्समध्ये ठेवला: 26 नोव्हेंबर 1900चा करार, अंतोनियो बेनिग्नो नावाच्या स्पॅनिश मजुराचा. इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांत. माझं वय पंचवीसच्या वर आहे. ताप आला तर जीव धोक्यात येईल हे मला माहीत आहे. पण या बेटावर राहून तो टळणं जवळजवळ अशक्य, म्हणून मी तो मुद्दाम घ्यायला तयार आहे. मोबदला सोन्यात 100 डॉलर, ताप आलाच तर आणखी 100. छावणी सोडून गेलास तर पैसे बुडाले.

ताईने आयुष्यभर ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांच्या सह्या घेतल्या. तिने तो कागद दोनदा वाचला. "धोक्याचं वाक्य खरंय," ती म्हणाली, "पण पुढच्या वाक्यात त्याला गुंडाळलंय." मला हे आवडलं. लोक हा कागद संमतिपत्राच्या इतिहासातलं मोठं पाऊल म्हणून दाखवतात, आणि ते आहेच. पण नुकत्या बोटीतून उतरलेल्या, खिसा रिकामा असलेल्या माणसाला 100 डॉलर म्हणजे काय, हे त्या कागदावर नाही. आपल्याकडे तीनच वर्षं आधी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तपासली. त्या कैद्यांची नावं तरी कुणाला ठाऊक आहेत?

तारीख आम्ही मुद्दाम 3 डिसेंबर धरली. तो फिनले यांचा जन्मदिवस, क्युबात वैद्यकदिन म्हणून पाळतात. पण आदल्या दिवशी सोमवार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जुन्या हवानात कुबा नावाच्याच रस्त्यावर 460 क्रमांकाची पूर्वीच्या विज्ञान अकादमीची इमारत आहे, तिथेच फिनले यांच्या नावाचं संग्रहालय. आम्ही दारापर्यंत गेलो, दाराचा फोटो काढला आणि परत आलो. हवानातली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तेव्हा सोमवार कॉलोन दफनभूमीसाठी ठेवा, फिनले तिथेच आहेत.

मंगळवारी सकाळी मरियानाओ. मध्य हवानापासून टॅक्सीने अर्धा-पाऊण तास, भाडं आधी ठरवून बसा. "कॅम्प लाझीअर" हे त्या प्रयोगांच्या छावणीचं नाव घेतलं तर चालकाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. "पोगोलोत्ती" म्हणा, तो वस्तीचं नाव ओळखतो. वाटेत ओबेलिस्को लागतो, तिथे दहा मिनिटं थांबा. 1944मध्ये फिनले यांच्या सन्मानार्थ उभारलेला स्तंभ, इंजेक्शनच्या सिरिंजच्या आकाराचा, सुई वर आभाळाकडे. ताई मान वर करून म्हणाली, "हवा काढायला अशीच धरायची असते."

पोगोलोत्ती ही कामगारांची जुनी वस्ती. मुलं चेंडू खेळत होती, कुणीतरी खुर्ची फुटपाथवर टाकून बसलं होतं, आणि मधल्या लहानशा बागेत ती खोली. दाराला कुलूप होतं. मी बाहेरून पावलांनी लांबी मोजली: माझी आठ पावलं. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या जोडल्या तर एवढी होईल.

20 नोव्हेंबर 1900ला इथल्या शेतात तंबू ठोकून छावणी उभी राहिली आणि दोन खोल्या बांधल्या. पहिलीत हवा खेळू नये म्हणून दोन्ही खिडक्या एकाच बाजूला. 30 नोव्हेंबरला डॉ. कुक आणि फोक, जर्निगन हे दोन शिपाई आत गेले आणि पेट्या उघडल्या. पीतज्वराच्या रोग्यांच्या चादरी, कपडे, वांती आणि विष्ठेने माखलेले. पहिल्या क्षणी तिघंही धावत बाहेर आले. मग परत आत गेले, ती अंथरुणं घातली आणि त्यांवर झोपले. सलग वीस रात्री. कुणालाही ताप आला नाही. त्यांच्यानंतर आत गेलेल्यांनाही नाही.

दुसरी खोली स्वच्छ, मध्ये तारेची जाळी. 21 डिसेंबरला जॉन मोरान नावाचा कारकून आंघोळ करून एका बाजूला आडवा झाला, पंधरा डासांबरोबर. जाळीच्या पलीकडे तीच हवा घेणारे दोघं ठणठणीत राहिले. मोरानला नाताळच्या दिवशी ताप भरला. एवढा साधा प्रयोग, पण फिनले यांना जे वीस वर्षं दाखवता आलं नाही ते यात दिसलं. त्यांचं कुठे चुकलं तेही आता स्पष्ट आहे. डास रोग्याला चावला की लगेच रोग पसरवू शकत नाही, रोग त्याच्या आत बारा-एक दिवस मुरावा लागतो. फिनले त्याआधीच तो दुसऱ्याला लावत.

छावणीतले सगळे वाचले. ज्याच्या नावाने छावणी आहे तो आधीच गेला होता. लाझीअरला 13 सप्टेंबरला डास चावला; त्याच्या बायकोला अमेरिकेत नुकतंच दुसरं मूल झालं होतं, ते त्याने पाहिलंच नाही. 25 सप्टेंबरला तो वारला, वय 34. डास आपसूक चावला असं तेव्हा सांगितलं गेलं. वहीतल्या नोंदी पाहता मुद्दामच चावून घेतला असावा असं अनेक अभ्यासक मानतात, मलाही तसंच वाटतं.

ही जागा पुढे विस्मृतीत गेली होती. 1940मध्ये हेंच म्हाताऱ्या मोरानला बरोबर घेऊन इथे आले तेव्हा शेतात पहिली खोली तशीच उभी सापडली. 3 डिसेंबर 1952ला इथे स्मारक झालं.

ताईने दोन सूर्यफुलं आणली होती, हवानात ती कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. एक तिने दाराशी ठेवलं आणि करार काढून "अंतोनियो बेनिग्नो" असं मोठ्याने वाचलं. खुर्चीतल्या गृहस्थांनी मान वळवून पाहिलं. दुसरं फूल तिने क्लारा मासच्या नावाने ठेवलं. न्यू जर्सीची ही नर्स 1901मध्ये हवानाच्या लास आनिमास इस्पितळात 100 डॉलरवर डास चावून घेऊन 24 ऑगस्टला वारली, पंचवीस वर्षांची. ती मेल्यावर माणसांवरचे हे प्रयोग थांबले. न्यू जर्सीतल्या एडिसन-परसिपनीच्या मंडळींना बेलव्हिलचं क्लारा मास इस्पितळ ठाऊक असेल, ती हीच. तिची कबर न्यूअर्कच्या फेअरमाउंट दफनभूमीत आहे. तुम्हाला हवानाला जायची गरज नाही, रविवारची एक सकाळ पुरेल.

त्याच रात्री अख्ख्या देशाची वीज गेली. 4 डिसेंबर उजाडला तो अंधारातच. म्हणून सांगते: बॅटरी, पॉवर बँक, फोनमध्ये उतरवलेला नकाशा, नेहमीची औषधं, सगळं बरोबर. रोख युरो किंवा डॉलर न्या, अमेरिकी बँकेचं कार्ड तिथे चालत नाही. क्युबात प्रवेशासाठीचा डीव्हियाहेरोस नावाचा ऑनलाइन फॉर्म भरून त्याचा कोड कागदावर छापून घ्या. आईवडिलांना कॅनडाहून नेत असाल तर त्यांचा कॅनडाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे तिकिटाआधी बघा, नाहीतर परत येताना अडकाल.

आणि पीतज्वराच्या लशीचं कार्ड. क्युबात आज हा रोग नाही, तिथून थेट येणाऱ्याला भारतात ते मागत नाहीत. पण परतीचं तिकीट पनामा किंवा बोगोटामार्गे असेल तर कार्ड जवळ ठेवाच. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, नंतर जन्मभर चालतं. भारत याबाबत कडक आहे आणि ते बरोबरच आहे. तो डास आपल्या कुंड्यांतल्या पाण्यात आहेच, फक्त विषाणू यायचा बाकी आहे.

संग्रहालय अखेर गुरुवारी पाहिलं. 14 ऑगस्ट 1881ला फिनले यांनी ज्या अकादमीपुढे आपला निबंध वाचला ती हीच. निबंधाच्या नावातच त्यांनी "गृहीतकापुरता" अशा अर्थाचा शब्द घातला होता. इतकी सावध माणसं आता दिसत नाहीत.

डास दिवसा चावतो हे माहीत असूनही आम्ही मलम फक्त संध्याकाळी लावत होतो. पोगोलोत्तीच्या बागेत ताईच्या घोट्याला दोन चावे आले. तिने लगेच वही काढून लिहिलं: 3 डिसेंबर, 11.20, डावा घोटा, दोन. पुढे टोरोंटोत रोज सकाळी ती चहाच्या आधी तापमान घेऊन त्याखाली आकडा मांडायची. चौदाव्या दिवशी थर्मामीटर परत डब्यात गेला.